कोलूवरचा ताता

मैलापूर, मद्रास
२ जुलै १९६१

कृष्णवेणीस,

इथं आशीर्वाद लिहायची रीत आहे. मी जागा मोकळी सोडली आहे. तुमच्या शाळेत मुलांना मोकळा कागद दिला की ती त्यावर फुलं-पानं काढतात म्हणे. तूही काढून घे.

नऊ वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही, आताही लिहिणार नव्हतो. इथून अड्यारला बस जाते, तेव्हा पोस्टाचं पाकीट आणणं हा मूर्खपणा आहे हे मला कळतं. पण तुझ्या दारात मी येणार नाही, आणि तू माझ्या दारात आलीस तर मी आतल्या खोलीत जाऊन बसेन. म्हणून मध्ये पोस्टमन असलेला बरा.

कारण असं. व्यंकटनं मला न विचारता तुळसीचं नाव तुझ्या त्या बालशाळेत घातलं. तुझा भाऊ म्हणून तो तुला भेटत असेल तर भेटो, पण पोरगी माझी नात आहे. महिनाभर या घरात मला सांगत होते की ती कोपऱ्यावरच्या शाळेत जाते. व्यंकट उजाडायच्या आत आवडी गावाला कामावर जायची गाडी गाठायला बाहेर पडतो, तो काय बोलणार. सरोजाला विचारलं तर ती सून, मान खाली घालून तांदूळ निवडते. आणि गोदा, माझी सख्खी बहीण, रोज सकाळी "पोरीला सोडून येते, अण्णा" म्हणून जाते ती दुपारी उगवते. मला वाटे, म्हातारी देवळात बसत असेल. काल कळलं की ती तुझ्याकडे पोरांना कोलमच्या रांगोळ्या काढायला शिकवते. जिनं जन्मात पाटी हातात धरली नाही ती बाई मास्तरीण झाली. परवापासून भाजीवाल्याशीसुद्धा ती खडू धरल्यासारखी बोटं करून बोलते.

कळलं ते असं. काल मी तुळसीला विचारलं, सात आठे किती? म्हणाली, "ठाऊक नाही, ताता." आजोबा म्हणत नाही, गल्लीतल्या तमिळ पोरांसारखं ताता म्हणते. ते एक असो. मग शाळेत काय शिकतेस म्हटलं, तर म्हणाली, "चिंचेची सावली." सावली ही काय शिकायची गोष्ट आहे? तर म्हणे सकाळी झाडाच्या सावलीभोवती पांढऱ्या पिठाची रेघ काढायची, जेवणाच्या सुट्टीत लाल, घरी जाताना पिवळी. मग सावली कुठून कुठं चालत गेली ते पाहायचं आणि त्यावर गाणं म्हणायचं. तिनं गाणंही म्हणून दाखवलं. मी निम्म्यात थांबवलं आणि शाळा कोणाची ते तिच्याकडून काढून घेतलं.

व्यंकट म्हणतो, अप्पा, हे विज्ञान आहे. चित्र, गाणं आणि विज्ञान एकत्र शिकवलं की पोरांच्या डोक्यात पक्कं बसतं. व्यंकट आवडीच्या डेपोत ड्रॉइंगं काढतो, त्याला सगळंच ड्रॉइंग दिसतं. मला विचारशील तर झाडाला सावली असते हे बकरीलाही ठाऊक असतं, म्हणून तर ती तिथं बसते.

मी फोर्थ फॉर्मपर्यंत शिकलो आणि गणितात नापास झालो. जन्मभर बंदराच्या गोदामात दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांवर शिक्के मारले. मीच शिक्का धरायला शिकवलेली पोरं माझ्या डोक्यावरून वर गेली, कारण ती पास होती. मला कोणी कधी सावलीचं गाणं विचारलं नाही. सर्टिफिकेट विचारलं. माझ्या नातीला ते मिळालं पाहिजे, आणि ते तुमच्या शाळेतल्यासारख्या करवंट्या पाण्यात सोडून मिळत नाही.

तेव्हा तिचं नाव काढून टाक.

गुंडो राव

ता. क. त्या करवंट्या सोडता त्या टबातलं पाणी रोज बदलता का? तुळसीचं नाक वाहतं आहे.


२३ जुलै १९६१

कृष्णवेणीस,

जागा अजून मोकळीच आहे.

तू उत्तर लिहिलं नाहीस. बरोबर आहे, तुमच्याकडे लिहितात कुठं? उत्तर म्हणून पोरीच्या हातून बाहुली पाठवलीस. तुळसी म्हणते बाहुली तिनं केली आणि तिनंच आणली, अत्तेनं, म्हणजे तू, पाठवली नाही. तिला तू काय पढवलं असशील ते मला कळतं.

आपल्या तंजावरच्या बाजारात मिळते तसली बाहुली आहे. तळाला चिकणमातीचा जड गोळा, वर कागदाच्या लगद्याचं पोकळ अंग. ढकलली की डोलते आणि पुन्हा उभी राहते. इथवर ठीक. पण तिला फेटा आहे, चष्मा आहे, कपाळावर आठी आहे, आणि मिशा आहेत, त्यातली एक वर आणि एक खाली. माझ्या मिशा तशा नाहीत. गोदा हसून हसून झोपाळ्यावर बसली. व्यंकट म्हणाला, "अप्पा, आठी अगदी अस्सल उतरली आहे." सरोजा पदर तोंडाला लावून आत गेली. या घरात मला किती मान आहे ते एका बाहुलीनं दाखवलं.

मी तुळसीला म्हटलं, हा पडत का नाही? म्हणाली, "पोट जड आणि डोकं हलकं, म्हणून ताता पडत नाही."

"डोकं हलकं कोणाचं?"

"तुमचं ठाऊक नाही, ताता. याचं मी कागदाचं केलंय."

पुढं तिनं सगळी हकीकत सांगितली, मी न विचारता. पहिल्यांदा तिनं डोकंही मातीचं केलं होतं, तर बाहुली सारखी तोंडावर पडे. ती रडली. तू म्हणालीस म्हणे की रडू नको, बाहुलीला विचार तिला कुठं जड होतंय. मग तीन दिवस पोरगी माती इथून काढ, तिथं लाव, हेच करत बसली. एका बाहुलीच्या पडण्यावर तीन दिवस. तेवढ्यात तेराचा पाढा झाला असता. आणि फी घेता.

बाहुली खिडकीत ठेवली आहे. वाऱ्यानं डोलते आणि मी काहीही बोललो तरी नकार दिल्यासारखी मान हलवते. मी तिला एकदा ढकलून पाहिलं. मग पुन्हा. सरोजा पाहत होती म्हणून थांबलो.

तो काळा रंग कसला लावता? पोरं बोटं तोंडात घालतात.

गुंडो राव


कार्ड
३० ऑगस्ट

कृष्णवेणीस,

इथून चार पावलांवर जे कॉन्व्हेंट आहे तिथं एका ऑफिसराची बदली दिल्लीला झाल्यानं दसऱ्यानंतर पहिलीत एक जागा रिकामी होते. माझ्या जुन्या साहेबांनी शब्द टाकला आहे. ऑक्टोबरात पोरीला तपासतील. पास झाली की तुझा-तिचा संबंध संपला. व्यंकट म्हणतो, तपासू दे, मग ठरवू. ठरवायचं काय त्यात?

तुझ्या फाटकाला हिरवा रंग दिला आहे त्याचे पोपडे निघणार, आधीचा रंग खरवडायला हवा होता. मी आलो नव्हतो. चुकीच्या बसमध्ये बसलो.

गुं. रा.


१७ सप्टेंबर १९६१

कृष्णवेणीस,

जागेचं पुन्हा सांगत नाही.

मी तुळसीला रोज संध्याकाळी तिण्णैवर घेऊन बसतो. तिण्णै म्हणजे आपल्या दारापुढचा ओटा, तू विसरली असशील म्हणून सांगतो. नाव, बापाचं नाव, गाईवर पाच वाक्यं इंग्रजीत, आणि पाढे. गाय जमली. पाढे सातला अडले. ती म्हणते आणि मध्येच रस्त्यावरच्या बैलाकडे बघते.

परवा सकाळी दार उघडलं तर सगळी तिण्णै पिठाच्या चांदण्यांनी भरलेली. गोदा आणि तुळसी गुडघ्यांवर. मी म्हटलं, हा काय बाजार मांडला आहे? गोदा म्हणाली, "सातचा पाढा आहे, अण्णा." तुळसीनं समजावलं. गोलावर शून्यापासून नवापर्यंत ठिपके मांडायचे. सात म्हणायचं, सातावर बोट. चौदा म्हणायचं, चारावर बोट. एकवीस, एकावर. असं शेवटच्या आकड्यावर जात राहायचं आणि रेघ ओढायची. सत्तर म्हणेपर्यंत चांदणी पुरी होते. तीनच्या पाढ्याची तीच चांदणी, फक्त उलट्या वाटेनं. नऊचा नुसता गोल होतो, म्हणून नऊ तिला आवडत नाही.

मी सगळं झाडून टाकायला लावलं. आल्यागेल्यानं काय म्हणावं? दुसऱ्या दिवशी पुन्हा चांदण्या. मी पुन्हा झाडायला लावलं. आता सातचा पाढा ती झोपेतून उठवली तरी म्हणते. माझ्या शिकवण्यानं.

हे तुला लिहायचं कारण वेगळं. काल व्यंकट माझ्याशी मोठ्या आवाजात बोलला. म्हणाला, "अप्पा, तुमचा राग शाळेवर नाही, आक्कावर आहे." मी त्याला सांगितलं आणि तुलाही सांगतो. कुंभकोणहून तुझं लग्न ठरवायला ती माणसं आली त्या सकाळी मी दारात नारळ घेऊन उभा होतो. बैलगाडीतून मुलाचा बाप उतरत होता. तेवढ्यात गोदा आतून आली आणि माझ्या कानात म्हणाली की वेणी मागच्या दारानं गेली, शिक्षिकेच्या ट्रेनिंगला. मी नारळ कुठं ठेवू? त्या माणसांना मी पाणी विचारलं, त्यांनी घेतलं नाही. पुढं महिनाभर देवळात लोक माझ्याकडे बघून बाजूला होत. आणि तू कशासाठी गेलीस? दुसऱ्यांच्या पोरांना कागदाची विमानं करायला शिकवण्यासाठी.

मुलगा कसा होता ते तू पाहिलंस तरी का? रेव्हेन्यूत कायम होता. त्याला आता टक्कल पडलं असं ऐकतो, पण ते नंतर.

तुझी आई गेली तेव्हा तू आलीस आणि अंगणात उभी राहिलीस. मी आत ये म्हटलं नाही. तूही आली नाहीस.

मला एवढंच म्हणायचं आहे की माझा राग शाळेवरच आहे.

गुंडो राव


४ ऑक्टोबर १९६१

कृष्णवेणीस,

आज कॉन्व्हेंटात जाऊन आलो. गोदा तुला तिखटमीठ लावून सांगेल, म्हणून मीच लिहितो. ती बरोबर नव्हती, पण तुळसीनं तिला सगळं सांगितलं आहे.

मी इस्त्रीचा कोट घातला. तुळसीला सरोजानं दोन वेण्या घातल्या. खोलीत दोन मिस बसल्या होत्या, एक गोरी, एक जवळजवळ गोरी. तुळसीच्या खांद्याला पिशवी होती. मला वाटलं पाटी असेल. आत जाताच तिनं पिशवीतून ती बाहुली काढून टेबलावर ठेवली. माझ्या फेट्याची, माझ्या चष्म्याची, आणि मी शेजारी उभा. दोघी मिस एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघू लागल्या. एकीनं बोटानं ढकललं. बाहुली पडली आणि उठून नाही-नाही करू लागली. मग ती मिस म्हणाली, इथं खेळणी चालत नाहीत, आणि तिनं ड्रॉवर उघडून बाहुली आत टाकली. ड्रॉवर बंद केला.

त्याबरोबर तुळसीनं तोंड बंद केलं.

नाव विचारलं, गप्प. बापाचं नाव, गप्प. गाय दाखवली. गायीवर तिला पाच वाक्यं येतात, सहावं मी शिकवलं होतं. गप्प. ड्रॉवरकडे बघत उभी. मिसनं मला विचारलं, पोरीला ऐकू येतं ना? मग विचारलं, घरी कोण शिकवतं? मी म्हटलं, मी. तुमचं शिक्षण? मी म्हटलं, फोर्थ फॉर्म. तिनं दुसरीकडे बघून ओठांच्या कोपऱ्यात जे हसू केलं ते मला पाठ आहे. बंदरात जन्मभर तेच पाहिलं. पास झालेल्या माणसांना ते सर्टिफिकेटाबरोबरच मिळत असावं.

मी तुळसीच्या कानात म्हटलं, बोल गं बाई. ती म्हणाली, "ताता आत आहे. त्याचा श्वास कोंडेल."

आता मी काय करायला हवं होतं? तिला एक चापट मारायची आणि घरी आणायचं. ते केलं असतं तर बरं झालं असतं. पण मी उभा राहिलो आणि माझ्याकडे जेवढं इंग्रजी होतं तेवढं गोळा करून म्हटलं, "मॅडम, दॅट डॉल इज मी. प्लीज गिव्ह मी."

त्या हसल्या. हात टेबलावर ठेवून हसल्या. मग ड्रॉवर उघडला.

तुळसीनं बाहुली मांडीवर घेतली आणि घडाघडा सगळं म्हटलं. नाव, बाप, गाय, सातचा पाढा, आणि मिसनं मध्येच थांबवेपर्यंत नऊचा. सातची चांदणी काढून दाखवू का, असंही विचारलं. मिस म्हणाली, नको, वेळ नाही.

घरी येताना पोरीनं विचारलं, "ताता, त्या का हसल्या?" मी म्हटलं, इंग्रजीत चूक झाली. म्हणाली, "कुठली?" मी म्हटलं, गप्प चाल, सायकली बघ.

गुंडो राव


नवरात्राची दुसरी माळ

कृष्णवेणीस,

कॉन्व्हेंटाचं पाकीट आलं. तुळसीला घेतलं. दसऱ्याची सुट्टी संपली की यायचं, खेळणं आणायचं नाही, आवारात इंग्रजीखेरीज बोलायचं नाही, असं छापलेलं आहे. मी जिंकलो म्हणून लिहितो आहे. घरात मात्र कोणी पेढा आणला नाही. व्यंकट म्हणाला, "तुमच्या मनासारखं झालं, अप्पा," आणि पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत राहिला, बुटाला नाडी नसताना.

नवरात्रातल्या बाहुल्यांचा कोलू मांडला. पाच पायऱ्या, दरवर्षीसारख्या. पेटी उतरवली तेव्हा तळाशी ती जोडी निघाली, तुझ्या आईनं तिरुपतीहून तुझ्यासाठी आणलेली. लाल लाकडाचे राजा-राणी, मरपाच्ची. लग्नात पोरीला माहेरहून द्यायचे, तिच्या घरच्या पहिल्या कोलूसाठी. अजून त्याच जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले आहेत. गोदानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ठेव परत.

वरच्या पायरीवर तुझ्या आईची स्वतःची जोडी बसली. तुळसीनं सगळ्यात खाली, मातीच्या वाण्याच्या दुकानाशेजारी, माझी बाहुली ठेवली. आल्यागेल्या बायका हरभऱ्याचं सुंडल घेतात, देवांना हात जोडतात, आणि मग खाली वाकून बघतात नि मला बघतात. मी आतल्या खोलीत बसतो.

गोदा सांगते, तुझ्या शाळेतही बाकांच्या पायऱ्या करून कोलू मांडला आहे. त्यात रशियाचं रॉकेट, एन्नोरच्या कोळ्यांची होडी, आणि बाकी सगळ्या पोरांनी केलेल्या डोलणाऱ्या बाहुल्या. देवांच्या शेजारी रॉकेट. देव तरी काय म्हणत असतील.

गुंडो राव


दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. कृष्णवेणीस अनेक आशीर्वाद.

लिहिले. आता त्यावर विचार करत बसू नको, पुढं वाच.

काल दिवेलागणीला गोदानं आरती केली आणि कोलू निजवायला घेतला. दहा दिवस उभं राहून दमलेल्या देवाला आडवं करायचं, मग दुसऱ्या दिवशी पेटीत भरायचं, हे तुला सांगायला नको. तुझ्या आईच्या जोडीला तिनं आडवं केलं, वरून रुमाल घातला, अंगाई म्हटली. झालं. पण तुळसी म्हणाली, "ताताला पण झोपवा. तो पण दमला."

तिनं माझी बाहुली आडवी केली. ती उठली. पुन्हा केली. पुन्हा उठली. वर रुमाल घातला, तर रुमाल घेऊन उठली. व्यंकट हसायला लागला आणि हसता हसता थांबला, कारण गोदाचा चेहरा उतरला होता. ती हळूच म्हणाली, "अगं, याला निजवू नये. हा जित्या माणसाचा आहे."

तोवर हे कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. देवांच्या खाली, वाण्याशेजारी, जिवंत माणसाची प्रतिमा बसवायची आणि दसऱ्याला तिला निजवायची, असली चूक आपल्याच घरात होऊ शकते. माझ्या छातीत लगेच जळजळ सुरू झाली. ती सुंडलची होती असं सरोजाचं मत आहे. मी म्हटलं, आता निजली तर वाईट आणि नाही निजली तर माझा जीव कुठं अडकला म्हणायचं? गोदा म्हणाली, "घाबरू नकोस अण्णा, ती निजतच नाही मुळी." याला धीर देणं म्हणतात.

मग तुळसी आत गेली आणि व्यंकटच्या पेटीतला खिळा घेऊन आली. बाहुली उलटी मांडीवर घेतली. म्हणाली, "नव्या शाळेत हा चालत नाही ना? मग याला झोपवूनच टाकते. तळ फोडून माती काढली की झोपेल."

व्यंकट म्हणाला, "आणि मग?"

"मग परत उठणार नाही. वजनच नाही तर कशानं उठेल?" रडत नव्हती. अगदी शांतपणे, तू शिकवलंस तसं, कुठं जड आहे ते बोटानं चाचपत होती. खिळा तळाशी टेकवला आणि माझ्याकडे बघितलं. "काढू, ताता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. गोदानं तोंडावर हात ठेवला होता.

मी म्हटलं, "नको."

"मग शाळेत कसा नेऊ?"

"त्या शाळेत नेऊ नको."

"मग?"

"जिथं चालतो तिथं ने."

तिनं खिळा बाजूला ठेवला, बाहुली पुन्हा पायरीवर उभी केली आणि सुंडल मागायला स्वयंपाकघरात गेली. पोरांना कशाचंच काही वाटत नाही. मी कॉफी मागितली. थंड आली.

याचा अर्थ तुझी शाळा चांगली आहे असा मुळीच नाही. कॉन्व्हेंटाला व्यंकटनं लिहावं असं मी सांगितलं आहे, आणि कारण द्यावं की मध्ये रस्ता ओलांडावा लागतो आणि सायकली फार. व्यंकट म्हणाला, अड्यारला जायला तर दोन रस्ते आणि एक पूल लागतो. मी म्हटलं, तुला लिहायचं की वाद घालायचा? त्यानं लिहिलं. तो आज बुटाला नसलेली नाडी न बांधता गेला.

आता माझं ऐक. तेराचा पाढा दिवाळीपर्यंत झाला पाहिजे. चांदणीनं करा, चंद्रानं करा, मला सांगू नका, मी तपासणार. टबातलं पाणी बदला. चिंचेखाली तीन वाजल्यानंतर पोरांना बसवू नको, तिथं तेव्हा सावली नसते, ती भिंतीकडे गेलेली असते. हे कोणालाही दिसेल, त्याला शाळा लागत नाही. गोदाला डोक्यावर बसवू नको, ती तिथून उतरणार नाही.

आणि तुझ्या शाळेच्या कोलूचं. गोदा सांगते की काल तिथं निजवायला एकही बाहुली नव्हती. सगळी पोरांनी केलेली, सगळी डोलणारी, जिला आडवी केली ती उठून बसली. शेवटी पोरांनी रॉकेटला आडवं केलं. हे ऐकून मला रात्रीचं जेवण गेलं नाही. तुला कोलू मांडायचा असेल तर रीतीनं मांड, नाहीतर मांडू नको.

म्हणून गोदाबरोबर ती मरपाच्चीची जोडी पाठवतो आहे, धोतराच्या तुकड्यासकट. ती कशासाठी आणली होती ते तुला ठाऊक आहे आणि मलाही. त्यावर तू मला काही लिहायचं नाहीस आणि मी काही बोलणार नाही. पुढच्या वर्षी तुझ्या कोलूवर निदान दोन माणसं तरी वेळेवर आडवी होणारी असावीत, एवढाच माझा हेतू.

लाकूड ओल्या हातानं पुसू नको. राणीला जरीचा काठ खाली येईल अशी नेसव, तुझ्या आईला उलटं खपत नसे. राजाला फेटा तुळसीकडून बांधून घे. तिला बांधता येतो, मी पाहिला आहे.

राजाला मिशा मात्र काढू देऊ नको.

गुंडो राव